टाकी अण्णांची, नळ ज्याचा त्याचा

घर भाड्यानं घ्यायला गेलो त्या दिवशी अण्णांनी आम्हाला सगळ्यात आधी न्हाणीघर दाखवलं. पाणी किती वाजता येतं, हे मी विचारणार तेवढ्यात त्यांनी वर बोट केलं. छताजवळ एक लाकडी पेटी टांगलेली होती, वाफ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आतून एक गृहस्थ कन्नडमध्ये बातम्या देत होते. खाली भिंतीवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखं काळं बटण होतं.

"फिरवून बघा की," अण्णा म्हणाले.

मी फिरवलं. गृहस्थांचा आवाज दबला.

"बघितलं? टाकी माझी, नळ तुमचा. कुणावर जबरदस्ती म्हणून नाही." मग खालच्या आवाजात, "पाणी एक दिवसाआड येतं. स्वल्प ॲडजस्ट करायचं."

आम्ही नुकते पुण्याहून आलो होतो. बंगळूरसारख्या परक्या गावात, राजाजीनगरात, मराठी बोलणारा घरमालक मिळाला याचाच आनंद इतका होता की पेट्यांकडे आम्ही कानाडोळा केला. कान मात्र झाकता येत नाहीत, हे राहायला आल्यावर कळलं.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. टेलिफोनच्या कारखान्यात वायरिंगमध्ये जन्म काढून ते रिटायर झाले आणि कारखान्यात जे करत होते ते घरात करू लागले. पुढच्या खोलीत एक रेडिओ, त्याला त्यांनी स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर, तिथून लाकडी पट्टीवरून निघालेल्या वायरी, आणि खालीवर मिळून प्रत्येक खोलीत एक पेटी, एक बटण. जिन्यातसुद्धा एक पेटी होती. जिन्यात उभं राहून कोण ऐकणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "येता-जाताना मधलं वाक्य तुटतं की!"

आवाज कमीजास्त करायचा हक्क सगळ्यांना होता, लागलेलं बदलायचा कुणालाच नव्हता. सकाळी भक्तिगीतं, मग संस्कृत बातम्या, मग कन्नड बातम्या, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. "दुसरं काही लावता का?" असं एकदा मी विचारलं. "हॉटेल आहे काय?" एवढंच उत्तर मिळालं. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत सुपारीचं एक झाड नव्हतं, पण पावसाळ्यात सुपारी कशी सडते आणि तिच्यावर औषध कधी मारावं, हे मी आजही झोपेतून उठून सांगू शकेन.

खरी गंमत निराळीच होती. अण्णांच्या वायरिंगमध्ये एकानं नळ बंद केला की दुसऱ्याकडे धार वाढायची. खाली अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, फोन आला म्हणून स्वयंपाकघरातली पेटी बंद करत आणि वर आमच्या न्हाणीघरात ते गृहस्थ एकदम गर्जना करू लागत. एकदा अशा गर्जनेनं आमच्या ह्यांनी दाढी करताना गाल कापून घेतला. मी तणतणत खाली गेले. अण्णा खूश!

"एकदम वाढला? म्हणजे खालच्या दोन बंद झाल्या. अक्का पूजेला बसली असणार," असं म्हणून त्यांनी आपल्या पेटीला कान लावला. "होय, दोनच."

"तुम्हाला जमत नसेल तर एखादा माणूस बोलावून दुरुस्त करून घ्या," मी पुणेरी सौजन्यानं म्हणाले.

"जमतं की. एस. पी. रोडच्या बाजारात सामान मिळतं. बसवलं तर कुणी काहीही फिरवलं तरी दुसऱ्याला कळायचं नाही." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मग त्याला घर कशाला म्हणायचं? स्वल्प ॲडजस्ट करा."

माणसाला इतकं आवाजाचं वेड, पण स्वतः बोलायच्या बाबतीत अगदी कच्चा. वायर, बटण, पाणी, एवढं सोडून त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. मला एकदा ताप आला तेव्हा जिन्यात येऊन उभे राहिले, "कमी करू काय?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता उतरून गेले. त्या दिवशी सबंध घरात बातम्या कुजबुजल्यासारख्या लागल्या होत्या. बटण माझ्याच हाताशी होतं, पण ते त्यांना पुरेसं वाटलं नसावं.

मग शारदा आली. अण्णांची एकुलती एक मुलगी, हुबळीला दिलेली. एक सुटकेस घेऊन आली ती परत न जाण्यासाठीच. स्थळ अण्णांनीच पाहिलं होतं. तिकडे तिचे हाल होते. त्याआधी तिनं फोन करून "मला घेऊन जा" म्हटलं होतं, आणि अण्णा फोनवर म्हणाले होते, "स्वल्प ॲडजस्ट करून घे, बाळ." हे मला अक्कांनी रडत रडत सांगितलं. शारदा मागच्या खोलीत दार लावून बसायची. आईशी हो-नाही एवढं बोलायची. अण्णांशी अक्षर नाही. आणि अण्णांच्या तोंडून ते 'ॲडजस्ट' गेलं ते गेलंच. पाणी आलं नाही तरी ते नुसते मान खाली घालून उभे राहत.

तिच्या खोलीतली पेटी लग्नानंतर आमच्या गॅलरीत आली होती. ती अण्णांनी काढून नेली आणि पुन्हा तिच्या खोलीत बसवली. ते स्टुलावर चढून स्क्रू आवळत होते आणि शारदा खिडकीकडे तोंड करून बसली होती, असं अक्का म्हणाल्या. "हे तुझ्या हातात," एवढं सांगून ते बाहेर आले. बटण बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी रव्याचे लाडू द्यायला खाली गेले तर अण्णा आपल्या पेटीला कान लावून बसलेले.

"बिघडली का?"

"नाही हो. तिनं उघडलं तर इथला आवाज स्वल्प पडेल." मग जरा घुटमळले. "संध्याकाळी तुमची बटणं आहेत तिथंच ठेवाल काय? मला घोटाळा होतो."

मी हो म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरी संध्याकाळी बटणाला हात लावायची बंदी झाली. कुकरच्या शिट्ट्या आणि सुपारीची कीड, दोन्ही एकदम सोसत आम्ही बसायचो. पण सवय जाता जात नाही. एकदा हे ऑफिसातून आले आणि आतल्या खोलीतलं बंद बटण उघडून मोकळे झाले. खाली धावत जाणारी पावलं ऐकली आणि माझ्या लक्षात आलं. मी जिना उतरून गेले तर अण्णा मागच्या खोलीच्या बंद दारापाशी उभे होते. मला पाहिलं, वर आमच्या घराकडे पाहिलं, आणि "तुमच्याकडचं काय?" असं विचारलं. हो म्हणताना माझी जीभ रेटेना. त्या माणसाचा असा उतरलेला चेहरा मला पाहवला नाही. वर जाऊन मी ह्यांना नको नको ते बोलले आणि सगळ्या बटणांवर फडकी बांधली.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एका संध्याकाळी मी खाली पुढच्या खोलीत बसले होते. अक्का कोथिंबीर निवडत होत्या, अण्णा पेटीशी, आणि रेडिओवर सुपारीच. बोलता बोलता आवाज पडला. अगदी थोडा. मलासुद्धा कळला, म्हणजे तोपर्यंत मीही त्या घरची झाले होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे कुणी नाही," मी म्हणाले. "हे अजून आले नाहीत."

अक्कांचे हात थांबले. "जा की हो," त्या म्हणाल्या.

"नको. बंद करेल."

ते तसेच बसून राहिले. मग हात लांबवून त्यांनी स्वतःचं बटण कमी केलं, आणखी कमी केलं, पार बंद केलं. तिला जास्त मिळावं म्हणून. पुढच्या खोलीत शांतता झाली आणि मागच्या बंद दारातून सुपारीवरच्या औषधाचं प्रमाण खणखणीत ऐकू येऊ लागलं.

दार उघडलं. शारदा बाहेर आली. केस विसकटलेले, डोळे सुजलेले.

"अण्णा, सुपारीचं आणि किती ऐकायचं? दुसरं काही नाही काय?"

अण्णा धडपडत उठले. रेडिओकडे गेले, काट्याला हात लावला आणि तसेच उभे राहिले. "काय लावू? तू सांग. तू म्हणशील ते लावतो."

मला वाटलं, अण्णा आता घाईघाईनं गाणं शोधतील आणि सगळं पुन्हा गाण्यावर ढकलून देतील. पण त्यांनी स्विच बंद केला. मी त्या घरात आल्यापासून इतक्या लवकर तो कधी बंद झाला नव्हता. खालीवर सगळ्या पेट्या एकदम गप्प झाल्या.

"फोनवर मी तसं म्हणालो, ते चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "बस इथं."

ती बसली. अक्का कोथिंबिरीचं ताट घेऊन उठल्या आणि मला खूण केली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. शब्द काही कळत नव्हते. मधूनच शारदाचं रडणं यायचं, पण बोलत होते ते अण्णाच, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू करत. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कॉफीचं विचारून येऊ का?" मी म्हणाले.

"नको," अक्का म्हणाल्या. "बोलू दे त्यांना." आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.