कावळा सुटला तर शंभर

उज्ज्वलाबाईंचा सगळा जीव सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्यांच्या गच्चीवर वाळत पडला होता. मुलीच्या, म्हणजे ऋचाच्या रुखवतासाठी घातलेल्या कुरडया होत्या त्या, आणि कावळे टपूनच बसलेले.

"मम्मी, तू खाली बस. राखण माझा कॅमेरा करेल," संगणक इंजिनियर ऋचा म्हणाली. तिने कॅमेऱ्याला कावळे ओळखायला शिकवलं. कावळा दिसला की स्पीकरमधून थेट आईच्याच आवाजात "हाड मेल्या!"

पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने तोंडच उघडलं नाही. कावळे पोटभर जेवून गेले.

"मुका आहे का गं तुझा राखणदार?"

"अगं, शिकताना त्याला प्रत्येक चुकीला दंड पडतो. दंड कमीत कमी पडावा, एवढंच त्याला कळतं. मी सगळ्या चुकांना सारखाच दंड लावला. कावळा येतो क्वचित, म्हणून गप्प बसणंच त्याला स्वस्त पडलं."

"म्हणजे तुझ्या पप्पांसारखंच."

"आता बघ. कावळा सुटला तर शंभर दंड, उगाच ओरडला तर फक्त एक."

मग काय विचारता! कॅमेरा काळ्या मांजरावर ओरडला, पप्पांच्या छत्रीवर ओरडला, पाण्याच्या टाकीवर तर दिवसभर ओरडत राहिला. पण कुरडया शाबूत राहिल्या आणि उज्ज्वलाबाई खूश झाल्या.

रविवारी ऋचाचे होणारे सासू-सासरे बारडोलीहून लग्नाच्या साड्या घ्यायला सुरतेत आले. सासूबाई, म्हणजे सरलाबाई, काळी चंद्रकळा नेसल्या होत्या. "बघू तरी कुरडया," म्हणत त्या गच्चीवर गेल्या.

"हाड मेल्या! हाड!"

सरलाबाईंनी वळून पाहिलं. मागे उज्ज्वलाबाई उभ्या होत्या.

"विहीणबाई, मी नाही हो बोलले!"

"आवाज तर तुमचाच!"

लग्न मोडलंच, या धास्तीने उज्ज्वलाबाईंना दरदरून घाम फुटला. ऋचा धावत वर आली. "आई, चूक कॅमेऱ्याची नाही. दंड मीच तसा लावला," म्हणत तिने होणाऱ्या सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. सरलाबाई खाली येऊन बसल्या. उज्ज्वलाबाईंनी लगबगीने तुपात घोळलेल्या सुरती घारीची, त्या गोड मिठाईची, बशी पुढे केली.

"ऋचा, तुझ्या कॅमेऱ्याला एखादा माणूस ओळखायला शिकवता येईल?" सरलाबाईंनी विचारलं.

"हो... त्या माणसाचे फोटो लागतील."

"हवे तेवढे देते. शुगर एवढी वाढलीय, आणि हात बघ कुठे चाललाय ह्यांचा!"

घारीकडे निघालेला सासऱ्यांचा हात वाटेतच थांबला. ऋचाला हसू आवरेना.

"दंड किती लावू, आई?"

"हे सुटले तर हजार. दुसऱ्या कुणावर ओरडला तर माफ. आणि आवाज विहीणबाईंचाच राहू दे. माझ्या आवाजाला हे आता भीत नाहीत."