धूर जवळजवळ शून्य

उमापूरच्या अमरसिंहांकडे डिझेल गाडी होती आणि त्यांच्या मेहुण्याकडे नवीकोरी पेट्रोल टर्बो आली. घरातली शांतता भंगायला एवढं कारण पुरेसं असतं. साखरपुड्याला जाताना मेहुणा सोमेश्वर त्यांना मागं टाकून सुसाट गेला आणि पंगतीत, साऱ्या सासरवाडीदेखत म्हणाला, "दाजी, डिझेल वाईट न्हाई. ऊस वाहायला लई चांगलं."

अमरसिंहांनी बुंदी तशीच पानात टाकली. टर्बो घ्यावी म्हटलं, तर पत्नी सत्यशीलाबाईंचा ठराव एकमतानं विरोधात. म्हणून त्यांनी बीडच्या त्रिंबक मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीनं सलाईन लावावं तसा गाडीला लॅपटॉप जोडला आणि निदान केलं, "डिझेल म्हंजी पैलवान हाय, मालक. कंपनीनं उपाशी ठेवलाय. खुराक वाढवू."

"अन् धूर?"

"पैलवान जेवल्यावर ढेकर देणारच की."

पुढच्याच रविवारी अमरसिंहांनी सोमेश्वरला ओलांडलं आणि मागं असा काळाकुट्ट ढग सोडला, की भर दुपारी दिवे लावून त्याला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. आमदारकीसुद्धा एवढी गोड लागली नसती.

अडचण एकच होती. हा विजय रोज गावातून ये-जा करायचा. नाक्यावर भजी तळणाऱ्या छबुबाईंच्या पिठात काजळी पडू लागली. शाळेची प्रार्थना खोकल्यात संपू लागली. गावानं तक्रार केली आणि तिच्या अनुषंगानं धूर निवारण उपसमिती स्थापन झाली.

उपसमितीनं सर्वप्रथम अमरसिंहांची गाडी तपासली. म्हणजे गाडीचं प्रदूषण प्रमाणपत्र तपासलं. ते अगदी ताजं होतं. अमरसिंहांनी तपासणी केंद्राला मोबाईलवर गाडीचा फोटो पाठवला होता आणि धूर जवळजवळ शून्य असल्याचं केंद्रानं चहा संपायच्या आत कळवलं होतं. सबब, गाडी निर्दोष. सबब, धूर अन्य कोणाचा तरी. नाक्यावर धूर काढणारी दुसरी वस्तू एकच होती. छबुबाईंच्या चुलीला नोटीस लागली: सात दिवसांत विझवावी.

छबुबाई नोटीस घेऊन अमरसिंहांच्या दारात आल्या. "दादा, माजी चूल कदी कुणाच्या म्होरं गेलती का रं?"

अमरसिंह तडक उपसमितीच्या साहेबांकडं गेले. "साहेब, धूर माझ्या गाडीचा हाय. दंड मला लावा. बाईचं पोट त्या चुलीवर हाय."

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "आपलं म्हणणं आपल्याच प्रमाणपत्राच्या विरोधात जातं. ते खोटं धरलं तर केंद्र खोटं. केंद्र खोटं तर परवाना देणारे खोटे. एका चुलीपायी इतकी माणसं खोटी पाडायची?"

"मग बाईनं काय करावं?"

"तिनंही प्रमाणपत्र काढावं."

अमरसिंहांनी चुलीचा फोटो केंद्राला पाठवला. इंधनाच्या रकान्यात जळतण नव्हतं, म्हणून डिझेल लिहिलं गेलं. चुलीला नंबर नव्हता, म्हणून छबुबाईंचा मोबाईल नंबर टाकला. चूल निर्धूर ठरली.

आता गाडीला धूर नव्हता, चुलीला धूर नव्हता आणि गाव मात्र खोकत होतं. उपसमितीनं विचारांती निष्कर्ष काढला, की दोष पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे. शाळेत शिबिर भरलं. ज्याला धूर दिसतो त्याला काळा चष्मा मोफत मिळाला.

त्याच आठवड्यात अमरसिंहांनी गुपचूप बीडला जाऊन गाडी पूर्ववत करून घेतली. परतताना सोमेश्वर हॉर्न वाजवत पुढं निघून गेला. अमरसिंहांनी त्याला जाऊ दिलं, आणि नाक्यावर थांबून छबुबाईंच्या हातची भजी खाल्ली.

गावातला धूर गेला. अहवालात त्याचं श्रेय काळ्या चष्म्यांना मिळालं आणि ही योजना आता जिल्हाभर राबवली जाणार आहे. हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर एवढंच आठवून पाहा, की आपल्या गाडीचं प्रमाणपत्र काढायला आपण गाडी घेऊन गेला होता, की नुसता फोटो पाठवला होता.