गोदाअक्काचं वायफाय

एका जंगलात, बाळांनो, फुल रेंज होती.

हसू नका. पूर्वीच्या गोष्टींत जंगल म्हटलं की आधी सिंह लागायचा. आता आधी रेंज लागते. सिंहही होता म्हणा, पण तो कायम दौऱ्यावर. त्याचं या गोष्टीत काही काम नाही. मागे कोण कुजबुजतंय? गप्प बसा, नाहीतर पाढे म्हणायला लावीन.

तर त्या जंगलात एका उंच जांभळीवर गोदाअक्का नावाचं शेकरू राहायचं. शेकरू म्हणजे मोठी, तपकिरी, झुपकेदार शेपटीची खार. अक्का स्वभावानं फार गरीब. डोक्यावर कावळा येऊन बसला तरी ती मान हलवायची नाही. म्हणायची, "बसू दे बिचाऱ्याला, दमला असेल."

ही सगळी रेंज अक्काची. जंगलातलं एकुलतं एक वायफाय तिच्याकडे होतं. ढोलीत तीन अँटेनांचं एक खोकं आणि शेजारी लॅपटॉप. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून काय लुटतात? कंगवे, गाळण्या, साबणाच्या डब्या. अक्कानं चिठ्ठ्यांवर वायफायचा पासवर्ड लिहिला आणि तोच लुटला. 'जांभूळ१२३'. असं वाण त्या जंगलात पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी हळदीकुंकवाला नरसुद्धा रांगेत उभे होते.

शेजारच्या सागावर दाजीबा वानर राहायचा. त्याच्या बायकोनंही वाण नेलं होतं. तिळगूळ दोनदा घेतला होता, ते सोडा.

पुढे दाजीबाची नजर जांभळीवर गेली. सागाला काय, पानं आणि वारा. जांभळीला जांभळं. त्यानं वनकोर्टात अर्ज ठोकला. 'गोदाअक्काची एकाच झाडावर सहा घरटी आहेत. राहते एकात. पाच रिकामी. तरी हे झाड मला मिळावं. माझं कुटुंब मोठं आहे.'

सुनावणी बुधवारी बारा वाजता, ऑनलाइन. न्यायाधीश घुबडसाहेब. नियम एकच होता. जो दिसणार नाही आणि बोलणार नाही, त्याचा दावा गेला.

अक्काचं उत्तर अगदी सोपं होतं. ती पाच घरटी गरुडाला फसवायला बांधलेली. सहाव्यात तिचं पिल्लू होतं, अजून डोळेही न उघडलेलं. झाड गेलं तर त्याला तोंडात धरून ती जाणार कुठे? एवढं साहेबांना एकदा नीट सांगितलं की काम फत्ते.

बुधवारी अकरा वाजता अक्कानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, फिरतच राहिला.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "आजच मेलं याला काय झालं?"

तिचा आवाज टिटवीनं ऐकला. टिटवीनं ऐकलं म्हणजे जंगलानं ऐकलं. "अक्काचं नेट गेलं हो! अक्काचं नेट गेलं!" पाच मिनिटांत मदत दारात हजर.

पहिली आली भागूबाई घोरपड. ढोलीच्या तोंडाशी चिकटली ती चिकटलीच.

"अक्का, काही नाही, बंद करून चालू करायचं. आमच्याकडे सगळं असंच दुरुस्त होतं. नवरासुद्धा."

अक्कानं खोकं बंद केलं. दहा आकडे मोजले. चालू केलं. जरा हललं, आणि पुन्हा गोल.

"आता आलेच आहे तर माझ्या फोनला जोडते हं," भागूबाई म्हणाली. "दोन महिने अपडेट राहिलंय. पासवर्ड तोच ना?"

"तोच, तोच. त्यात विचारायचं काय?"

मग टिटवी आत आली. तिनं लॅपटॉपकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "व्हायरस." एवढं बोलून तिनं खाडीपलीकडच्या नणंदेला व्हिडिओ कॉल लावला, अक्काची अवस्था दाखवायला. "बघा हो वन्सं, कशी बसलीये बिचारी! थांबा, जवळून दाखवते."

साडेअकराला तात्या अस्वल आले. तात्या कोणे एके काळी शहरातल्या कंपनीत होते. तिथे ते नक्की काय करत, ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा अजून काढला नव्हता.

"खोकं उंचावर ठेवा," तात्या म्हणाले. ठेवलं. "भिंतीपासून लांब." केलं. "लॅपटॉप जवळ आणा. बाकीच्या खिडक्या बंद करा." केल्या. गोल फिरतोच आहे. तोवर तात्यांनी बसल्या बसल्या आपल्या फोनवर मध काढण्याचा एक व्हिडिओ लावला. मोठ्या पडद्याचा फोन, एकदम स्वच्छ चित्र. मधाचा थेंब न् थेंब दिसत होता.

अक्कानं सगळ्यांना जांभळाचं सरबत दिलं. घरात माणसं... माणसं नव्हे, जनावरं आली होती. उपाशी कशी पाठवायची?

बाराला दहा कमी. अक्का तात्यांकडे वळली. वरच्या घरट्यात पिल्लू चुकचुकलं. "तात्या, काहीतरी करा हो. झाड जाईल माझं."

तात्यांनी व्हिडिओ थांबवला. त्यांच्या मानानं हे फार होतं. त्यांनी लॅपटॉपवर कुठेतरी टकटक केलं आणि एक यादी उघडली.

"अक्का, तुमच्या वायफायवर एकेचाळीस जण आहेत."

"अय्या! एवढे?"

"भागूबाई अपडेट. टिटवी व्हिडिओ कॉल. तात्या अस्वल..." तात्या खाकरले. "ते जाऊ दे. रानडुकरं सात, सातही एकच सिनेमा वेगवेगळा बघतायत. आणि हे बघा. दाजीबा. दाजीबा-दोन. दाजीबा-मोठा पडदा."

सगळ्यांच्या माना सागाकडे वळल्या. टिटवीनं तर नणंदेला दिसावं म्हणून फोनही तिकडे वळवला.

"म्हणजे तो माझ्याच नेटवरून माझ्याच झाडाचा दावा लढवणार?" अक्कानं विचारलं.

"लढवणार काय, जिंकणार. पण उपाय सोपा आहे. पासवर्ड बदला. एका मिनिटात सगळे बाहेर. तुम्ही एकट्या आत, आणि दाजीबाच्या पडद्यावर गोल."

अक्कानं बोटं कळांवर ठेवली. मी तुम्हाला सांगतो बाळांनो, ठेवली होती. दाबायची बाकी होती फक्त.

मग तिनं बोटं काढून घेतली.

"नको तात्या. ऐन सुनावणीत त्याचं तोडलं तर बरं दिसेल का?"

"अहो, तो तुमचं झाड घेतोय!"

"घेतोय, पण शेजारी आहे. हळदीकुंकवाला दिलेलं वाण परत घ्यायचं? लोक काय म्हणतील? आमच्या आईनं शिकवलंय, पाण्याला आणि वायफायला नाही म्हणू नये."

तिच्या आईच्या वेळी वायफाय नव्हतं, हे तुमच्याही लक्षात आलंय. तात्यांच्याही आलं. पण रडकुंडीला आलेल्या बाईशी वाद घालायची त्यांची छाती झाली नाही.

"मग निदान या मंडळींना तरी सांगा."

अक्कानं भागूबाईकडे पाहिलं. अपडेट नव्वद टक्क्यांवर होतं. "असू दे," अक्का म्हणाली. "एवढं झालंय तर होऊ दे त्यांचं."

बारा वाजले. सुनावणी लागली.

दाजीबा लखलखीत दिसला. अंगावर जाकीट, मागे पोरंबाळं ओळीनं उभी. एकेक केस मोजून घ्यावा. आवाज तर असा, जणू साहेबांच्या कानाशीच बसलाय.

अक्का दिसली ती चौकोनाचौकोनांची. "साहेब, ती पाच घरटी रिकामी आहेत कारण..." एवढं झालं आणि चित्र अडकलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, हात वर. तशीच राहिली. दोन मिनिटं, चार मिनिटं. इकडे ढोलीत अक्का जिवाच्या आकांतानं सांगत होती. गरुडाचं सांगितलं, पिल्लाचं सांगितलं, वरच्या घरट्यातून पिल्लाला आणून कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडे काही पोचलं नाही.

घुबडसाहेब भर दुपारी आधीच पेंगत होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"या बाई सुनावणीत झोपल्या आहेत. झोपायचा अधिकार या कोर्टात फक्त मला आहे. घरटी रिकामी असल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलंय. झाड दाजीबाला."

त्याच क्षणी भागूबाईचा फोन टुण्ण वाजला. "झालं बाई एकदाचं अपडेट!"

संध्याकाळच्या आत अक्कानं पिल्लाला तोंडात धरून झाड सोडलं. खोकं आणि लॅपटॉप दोन्ही झाडाबरोबर गेले, निकालात तसं लिहिलं होतं. ती एका वठलेल्या खैरावर गेली. काट्यांत बसून ती रडली, बाळांनो. पिल्लाला ऐकू जाऊ नये म्हणून शेपटी तोंडात कोंबून रडली. आता का नाही हसत?

चार दिवसांनी मंडळी भेटायला आली. भागूबाईनं काट्यांकडे पाहिलं, टिटवी हळहळली आणि मग तात्यांसकट तिघांनी एकदम विचारलं, "इथे नेट नाही का हो, अक्का?"

नव्हतं. मंडळी लवकर उठली.

शेवटी अक्काच एकदा जांभळीखाली गेली. पिल्लाला ताप होता, वैद्य कोल्ह्याला निरोप धाडायचा होता. हातात फोन धरून तिनं खालून हाक मारली. "दाजीबा, दोन मिनिटं वायफाय देता का? जुना पासवर्ड चालेना झालाय."

दाजीबा वरच्या फांदीवर जांभळं खात बसला होता. तो एकटाच वायफायवर होता. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळत होता. त्यानं बी थुंकली आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "बदललाय, अक्का. पहिल्याच दिवशी बदलला. आणि हे असं मागत जाऊ नका हं. बरं दिसत नाही."

तात्पर्य: चांगुलपणाचं फळ गोडच असतं. कसं लागतं ते दाजीबाला विचारा.