यशोदा छापाची गिटार

यशोदाबाईंच्या घरातून कधी खोटी वस्तू बाहेर गेली नाही. हे त्या स्वतःच सांगत. पण त्यांच्या तोंडून ती बढाई वाटत नसे, गोदावरी पूर्वेला वाहते असे कोणी सांगावे तसे ते वाटे. त्यांच्या सासऱ्यांच्या कांद्याची गोणी सटाण्याचे व्यापारी न उघडता उचलत. त्यांच्या हातच्या कुरडया एकदा रुखवतात मांडल्या, की शेजारच्या ताटातल्या कुरडया आपण होऊन मान खाली घालत. बाजारात त्या मडके वाजवून घेऊ लागल्या, की कुंभार दुसरे मडके आधीच काढून ठेवी. त्यांच्या कानाला पहिले मडके पसंत पडल्याचे नाशकात कोणाला आठवत नाही.

तेव्हा त्र्याऐंशी साली त्यांच्या खंडेरावाने सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत विजेवरच्या गिटारी बनवण्याचा छोटासा कारखाना काढला, त्या वेळी मालाच्या दर्जाची काळजी कोणी करायची, हा प्रश्न घरात निघालाच नाही. नावाचा प्रश्न मात्र निघाला.

"आई, ऑर्केस्ट्रावाल्यांना इंग्रजी नाव लागतं," खंडेराव म्हणाला.

"त्यांना वस्तू लागते. नाव माझं घाल."

"तुझं?"

"माझं नाव डोक्यावर घेतलेली वस्तू बिघडायला धजायची नाही. तू धजलास का कधी?"

खंडेराव धजला नव्हता. अशा रीतीने गिटारीच्या डोक्यावर, जेथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तेथे, सोनेरी अक्षरांत 'यशोदा' हे नाव आले.

कारखान्यातली घडण खरोखरच चोख होती. बागलाणातून आलेला काळू मिस्त्री लाकूड असे रंधायचा, की त्यावर माशी बसली तर घसरावी. तारा, चुंबके आणि बटणे खंडेराव स्वतः बसवी आणि प्रत्येक गिटार कर्ण्याला जोडून वाजवून पाही. सिन्नरला धूळ फार, म्हणून वाजवून पास झालेल्या गिटारी गंगापूर रोडच्या घरी येत आणि मागच्या पडवीत खोक्यात बंद होत. खोक्यात जाण्यापूर्वी त्या यशोदाबाईंच्या हाताखालून जात.

नवी वस्तू पूजेवाचून उंबरा ओलांडत नाही, हा त्या घराचा रिवाज होता. ट्रॅक्टरची पूजा झाली होती आणि तो अजून चालत होता. शिवणयंत्राची झाली होती, फ्रिजची झाली होती. फ्रिजच्या कपाळावरचे स्वस्तिक अजून ठसठशीत होते. गिटारीची करताना पहिल्याच दिवशी एक शास्त्रार्थ उभा राहिला. नव्या वस्तूचे तोंड गोड करायचे, तर गिटारीचे तोंड कोठे?

यशोदाबाईंनी गिटार उलटीपालटी करून पाहिली. कडेला एक भोक होते. कर्ण्याची वायर त्यात खोचायची असते, असे खंडेरावाने सांगितले.

"म्हणजे बाहेरचं पोटात घेते ती इथून. हेच तोंड," यशोदाबाईंनी निकाल दिला आणि त्या भोकात बोटाने गुळाचा खडा दाबून बसवला. मग बटणांना हळद-कुंकू लावले, आणि तारांखाली ज्या चुंबकाच्या पेट्या असतात त्यांच्यावर मूठभर अक्षता वाहिल्या. पेट्यांच्या कडेला बारीक फटी होत्या. अक्षतांना जागा मिळाली की त्या जातातच.

सून सिंधू शेजारी पुठ्ठ्याचे खोके धरून उभी होती. ती दबल्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पूजा खोक्यावर केली तर नाही का चालायची?"

"सूनबाई, लग्नात हळद तुला लावली होती, की तू ज्या गाडीतून आलीस त्या गाडीला?"

सिंधूने खोके पुढे केले.

महिना सरतो न सरतो तोच चांदणी ऑर्केस्ट्राचा पुंजाराम चादरीत गुंडाळलेली गिटार काखेत मारून दारात आला. नाशकातले सगळे बँडवाले पुंजारामाचे पाहून वाद्य घेत. त्यामुळे त्याच्या तोंडून निघालेला शब्द जिल्हाभर जाई.

"काकू, खंडूशेठ आहेत का? गिटारीची तक्रार होती."

"खंडेराव सिन्नरला आहे. नाव माझं आहे, तक्रार मला सांग."

"बटण फिरवलं की खरखर येते."

"कशी?"

पुंजारामाने विचार केला. "पापड तळल्यासारखी."

"तेल तापल्यावरचा पापड की गार तेलातला?"

"तापल्यावरचा, काकू."

"मग तुमच्याकडची वीज जास्त आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "नव्या गिटारींच्या तक्रारी करणं ही हल्ली फॅशन झाली आहे. विकत घ्यायची, आणि बोटं चालेनात की वस्तूला नाव ठेवायचं."

तरीही त्यांनी चौकशी केली. कोणाची बाजू न ऐकता निकाल देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. संध्याकाळी काळू मिस्त्रीला बोलावणे गेले.

"माय, लाकूडम्हा खोट नही शे," काळूने गळ्याची शपथ घेतली.

"आई, मी स्वतः वाजवून पाठवली होती," खंडेराव म्हणाला. "उघडून बघू का एकदा?"

"धडधाकट लेकराचं पोट कोणी फाडून बघतं का? उघडली म्हणजे खोट मान्य केली. माझ्या नावाची वस्तू उघडायची नाही."

घडणीत दोष नाही, तपासणीत दोष नाही, मग उरते काय? यशोदाबाईंनी गिटारीकडे निरखून पाहिले. काळीभोर, तुकतुकीत, कमरेत बारीक, आणि रोज हजार माणसांपुढे मिरवणारी. तिला दृष्ट लागली नसती तरच नवल. त्यांनी मीठ-मोहरी मुठीत घेऊन ती गिटारीवरून सात वेळा उतरवली. मूठ थोडी सैल होती. त्या दिवसापासून पडवीतून निघणाऱ्या प्रत्येक गिटारीची पूजेनंतर दृष्ट निघू लागली.

पंधरा दिवसांनी पुंजाराम पुन्हा हजर.

"आता काय?"

"काकू, आधी पापड होता. आता फोडणी आहे."

"म्हणजे?"

"तडतडतं. आणि माझ्या एकट्याचीच नाही, येवल्याच्या बँडची तडतडते, सिन्नरच्या बँडचीही तडतडते. कोऱ्या गिटारी, खोक्यातून काढल्या की चालू."

यशोदाबाई गंभीर झाल्या. दृष्ट जबर होती. त्यांनी पुंजारामाच्या गिटारीसमोर नारळ वाढवला आणि त्याचे पाणी तिच्यावर शिंपडले. पुढच्या खेपेच्या सगळ्याच गिटारींवर शिंपडले. आपपरभाव त्यांच्या स्वभावात नव्हता. तोंडातला गूळही वाढवला. पुंजाराम गिटार पुसत निघाला तेव्हा सिंधूने त्याच्याकडे पाहिले, त्याने सिंधूकडे पाहिले, आणि यशोदाबाईंनी दोघांकडे पाहिल्यामुळे कोणीच काही बोलले नाही.

यानंतरची हकिकत सटाण्याच्या एका लग्नात घडली. हळदीच्या कार्यक्रमात पुंजाराम एक संथ गाणे वाजवत होता. मध्येच त्याने उजवा पाय झाडला. मग डावा झाडला. मग त्याने मान उडवली, कंबर हिसडली आणि गिटार पोटापासून दूर धरून तो मांडवभर नाचू लागला. वऱ्हाडाला ही तऱ्हा इतकी आवडली, की नवरदेवाच्या मामांनी तेच गाणे पुन्हा वाजवायला लावले. पुंजारामाने ते पुन्हा वाजवले आणि पुन्हा तसाच नाचला, कारण वायरीच्या भोकातून लाल मुंग्या निघत होत्या आणि त्यांना गाण्याचे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी अंगावर उठलेल्या लाल गांधी घेऊनच तो गंगापूर रोडला आला. बरोबर त्याचे वादक होते. रविवार असल्याने खंडेराव घरी होता आणि काळू मिस्त्रीही चहाला आलेला होता.

"काकू, मुंग्या निघाल्या."

"मुंग्या शुभ असतात."

"शर्टात शुभ नसतात, काकू." पुंजारामाने गिटार खाली ठेवली. "तुमचा मान आहे म्हणून तोंडावर सांगतो, मागून बोलत नाही. सगळ्या बँडवाल्यांचं ठरतंय. यशोदा छाप घ्यायची नाही. बाजारात म्हण पडलीय, कोणी फार कटकट केली की म्हणतात, यशोदा झालीस का."

खंडेरावाचा चेहरा उतरला. सिंधूच्या हातातला ट्रे थांबला. कांद्याची गोणी न उघडता जिथे उचलली जाई, त्या घराच्या नावाची म्हण पडली होती, आणि ते नाव तर प्रत्यक्ष यशोदाबाईंचे होते.

यशोदाबाई उठल्या. पदर नीट केला. "पाट मांडा," त्या म्हणाल्या. "त्यावर ही गिटार ठेवा. खंडेराव, उघड."

"आई, तूच म्हणाली होतीस की..."

"तेव्हा तक्रार एकाची होती. आता नावाचा प्रश्न आहे. पंचांसमक्ष उघड. खोट निघाली नाही, तर पुंजाराम जिल्हाभर फिरून सांगेल की यशोदा चोख आहे. आणि एवढीशी जरी खोट निघाली, तरी या डोक्यावरचं माझं नाव मी माझ्या हाताने खरवडून काढीन. सगळ्या गिटारींवरचं."

सगळे पाटाभोवती बसले. खंडेरावाने स्क्रू काढले आणि झाकण उचलले.

आधी अक्षता घरंगळल्या. मागोमाग मोहरी आली. बटणांखाली हळद आणि कुंकू नारळाच्या पाण्यात भिजून, वाळून, त्यांचा लाल पोपडा धरला होता. मिठाने तारांची टोके हिरवी पडली होती. झेंडूच्या दोन पाकळ्या निघाल्या. वायरीच्या भोकामागे गुळाची ढेप साचली होती आणि तिच्यावर मुंग्यांचे भरले गोकुळ होते.

सगळे पुढे वाकले. मग काळू मिस्त्री हळूच म्हणाला, "माय, हाई गिटार नही शे. हाई तं भरेल ओटी शे."

वादकांपैकी एकजण खोकला. त्याला खोकला आला नव्हता.

यशोदाबाईंनी चष्मा लावला. पाटावरचा एक दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला. "आंबेमोहोर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "रेशनचा तांदूळ मी पूजेला घेत नाही. गूळही कोल्हापुरी आहे. भेसळ नाही."

"भेसळ नाहीच, काकू," पुंजाराम अदबीने म्हणाला. "फक्त जागा चुकलीय."

आता यशोदाबाईंना तीन-चार वाटा होत्या. देवाचा प्रसाद म्हणजे दोष नव्हे, असे म्हणता आले असते. भोक एवढे मोठे ठेवलेच का, असे काळूला विचारता आले असते. जिभेवर ते आलेही होते. पण गल्लीतले निम्मे तंटे त्यांनी पाटावर बसून मिटवले होते, आणि आपल्यापुरता वेगळा न्याय काढणाऱ्यांना त्यांनीच तेथून उठवले होते.

"तक्रार रास्त आहे," त्यांनी जाहीर केले. जणू पुंजारामाला इनाम देत होत्या. "सिंधू, पॉलिशपेपर आण."

इतके बोलून त्या थांबल्या. अशा प्रसंगी मंडळी 'राहू द्या, राहू द्या' म्हणतात, अशी जगाची रीत आहे. मंडळींना वेळ मिळावा म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. पदर पुन्हा नीट केला. खंडेराव पंख्याकडे बघत होता. काळू मिस्त्री बशीतला चहा निरखत होता. पुंजारामाने मोठ्या आदराने गिटार त्यांच्या मांडीजवळ सरकवली आणि विचारले, "हलू नये म्हणून मी धरू का, काकू?"

सिंधू आली. "जाडा आणलाय आणि बारीकही आणलाय, आत्याबाई. ओरखडे नको उठायला."

यशोदाबाईंनी आपले नाव आपल्या हाताने खरवडले. घरातले कोणतेही काम त्या करत तसेच हेही नीट केले. 'दा'चा काना शेवटपर्यंत चिवट निघाला. तोवर खंडेरावाने आतला भाग ब्रशने झाडून पुसला, गंजलेली टोके बदलली आणि गिटार कर्ण्याला जोडली. पुंजारामाने तार छेडली.

ना पापड, ना फोडणी. आवाज असा स्वच्छ उमटला, की स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी हुंकार दिला. यशोदाबाईंनी मडके ऐकावे तसे मान तिरकी करून ऐकले.

"घडण चोख आहे," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सांगत होते."

हे मात्र कोणाला नाकारता आले नाही.

बोडक्या डोक्याची गिटार बरी दिसेना. खंडेराव घाईने म्हणाला, "मग आता इंग्रजी नाव..."

"या घरात इंग्रजी नावाचं माणूस आहे का? सिंधू घाल. पहिल्या दिवशी खोक्याचं तीच म्हणाली होती, तेव्हा खोक्यात जाणाऱ्या वस्तूवर हक्क तिचा."

सिंधूचे डोळे भरून आले. ते पाहून यशोदाबाईंनी लगेच तिला चहा गार झाल्याबद्दल सुनावले.

पुढे सिंधू छापाची गिटार धुळ्यापर्यंत वाजली. पूजा अजूनही यशोदाबाईच करतात, खोक्याची, आणि खोके दोऱ्याने पक्के बांधल्यानंतर. जुन्या गिटारी परत मागवून त्यांवरचे नाव त्यांनी शब्दाप्रमाणे एकेक करून काढले. एक तेवढी ठेवली. पुरावा म्हणून ठेवली, असे त्या सांगतात. कशाचा, ते सांगत नाहीत. सोनेरी अक्षरांची ती गिटार दिवाणखान्यात खुंटीला टांगलेली आहे, पूजेसकट. तिला कोणी हात लावत नाही. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग मात्र नेमाने तिच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.

त्यांची आजवर एकही तक्रार आलेली नाही.