पाय बघणाऱ्या कुंदा सिस्टर

कुंदा सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नाहीत. पायांकडे बघतात. पेशंट दारातून आत आला की त्यांची मान खाली जाते आणि नजर त्याच्या अंगठ्यांवर खिळते. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमचा वीस खाटांचा दवाखाना. पावसाळ्यात भर दुपारी धुकं खिडकीतून वॉर्डात शिरतं आणि शेवटच्या खाटा दिसेनाशा होतात. अशा वेळी पांढऱ्या कपड्यांतली एक उंच बाई गुपचूप तुमचे पाय न्याहाळतेय, हे काही तब्येतीला चांगलं नाही.

त्यातून आमच्याकडे भूत ओळखायचं ते पायांवरून. भुताचे पाय उलटे. त्यामुळे वाड्यावस्त्यांवर पक्कं ठरलेलं, की आत येणारं माणूसच आहे ना, याची सिस्टर खात्री करून घेतात. काही म्हाताऱ्या तर उंबऱ्यातच लुगडं जरा वर धरून सांगतात, "बघ गो बाय, सुलटेच हायत."

मी तिथे औषधांच्या खिडकीवर. रोज महाडहून एसटीने येतो, चार बुकं शिकलोय, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "बूट काढ रे." काढले. मोज्यांकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "घरी कोण आजारी आहे?" आईच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता आणि मी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. मी घाईघाईने बूट परत चढवले.

पुढे कळलं, त्यात जादू नव्हती. "तोंड खोटं हसतं. अंगठ्याला अजून ती अक्कल आलेली नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. पायांवरून त्या भीती मोजतात, चार पायऱ्यांत. "पहिल्या पायरीवर माणूस चुळबुळतो, पण सगळं ऐकतो. काय समजवायचं ते तेव्हाच. दुसरीवर निम्मं ऐकतो. तिसरीवर एका वेळी एकच गोष्ट, तीही दोन शब्दांत. चौथीवर शहाणपण शिकवू नका, फक्त त्याला सोडून जाऊ नका." एकदा हर्नियाचा एक पेशंट हसतखिदळत ऑपरेशनच्या कागदावर सही करत होता. सिस्टरनी पेन काढून घेतलं. "दुसरीवर आहे. परत सांगा याला." विचारलं, तर ऑपरेशन डावीकडे की उजवीकडे, तेही त्याला सांगता येईना.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वरच्या वाडीतून जीप आली. सुरेखा नावाची तरुण सून, नवरा मुंबईला. श्वास भात्यासारखा, हाताची बोटं आत वळलेली, डोळे आमच्या पलीकडे कुठेतरी. डॉक्टरांनी ईसीजी काढला, साखर, ऑक्सिजन पाहिलं. सगळं ठीक.

"म्हयन्यात तिसऱ्यांदा झाला," सासू म्हणाली. "हिच्यात कोन तरी हाय. जीप हुभीच हाय, भगताकडं नेतंव. तो मिरचीची धुरी देतो."

आधीच श्वास सापडत नसलेल्या पोरीला मिरचीचा धूर! मी डॉक्टरांकडे बघितलं. सिस्टर मात्र सुरेखाच्या पायांकडे बघत होत्या. सासूने दबक्या आवाजात विचारलं, "उलटे हायत का गो?"

"बघतेय," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. "सांगेपर्यंत हिला हलवायचं नाय. सगळे बाहेर."

मग मला तेवढं मदतीला थांबवून त्या खाटेशी जमिनीवर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. "सुरेखा. मी हाय." थोड्या वेळाने पुन्हा तेच. सुरेखा पुटपुटली, "माज्या मागं कोन तरी हुभं हाय." तिच्या मागे नुसतं धुकं होतं. तरी मी दोन पावलं भिंतीकडे सरकलो. सिस्टर हलल्या नाहीत. सावकाश श्वास सोडत राहिल्या, आणि अर्ध्या तासाने सुरेखाचा श्वास त्यांच्या श्वासाला येऊन मिळाला.

बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "आता हिला भीतीचीच भीती बसलीय. महाडला मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या." आणि सासूला म्हणाल्या, "पाय सुलटे हायत. पन धुरी दिलीत तर माजी जबाबदारी नाय. दर आठवड्याला मला दाखवायचे." सासूने हात जोडले. जीप भगताकडे गेली नाही.

मी गोळ्या घेऊन आत गेलो, तेव्हा सिस्टर सुरेखाची चादर सारखी करत होत्या. सुरेखाने त्यांचा हात धरला. "बाय, तुज्या हाताला घाम किती गो! तूपन घाबरतंस?"

सिस्टरनी चादर सोडली. मग म्हणाल्या, "व्हय. रोज."

"घरी कोन हाय?"

"कोन नाय."

"जेवलीस?"

दुपारचे चार वाजले होते. सिस्टरनी मान हलवली, नाही म्हणून, आणि एकदम ओठ दाबून खिडकीकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करतोय, आणि एवढं साधं आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

सुरेखा त्यांना बसायला जागा करत खाटेवर भिंतीकडे सरकली. "आये," तिने दाराकडे बघून सासूला हाक मारली, "भाकरीचं गठुळं आन. बायला भूक लागलीय."