भागूमावशीचा पुतळा

एका जंगलात, मुलांनो, चक्क एक कॉलेज होतं.

कॉलेजच्या फाटकासमोर एक सपाट कातळ होता. त्यावर भागू घोरपड ऊन खात पडलेली असायची. घोरपडीला ऊन लागतंच. नाहीतर अंग आखडतं, घाससुद्धा गिळवत नाही. सशांची, भेकरांची पोरं तिच्या शेजारी बसून अभ्यास करायची, भांडायची, प्रेमात पडायची.

"मावशी, मी नापास झालो," एखादा रडत यायचा.

"बस हो. पण जरा पलीकडे, माझ्यावर सावली येतेय," मावशी म्हणायची.

एकदा प्राचार्य गवे सरांच्या मनात आलं, शेजारच्या जंगलात धबधबा आहे, आपल्याकडे पाहण्यासारखं काहीच नाही! त्यांनी समिती नेमली. समितीने बराच खल केला आणि ठरवलं, की आपल्या जंगलाची ओळख म्हणजे भागूमावशी. तिचा पुतळा उभारायचा!

मावशी लाजली. शिल्पकार सुतारपक्ष्यासमोर मान वर करून बसली. "शेपटी थोडी लांब दाखव हं," एवढंच म्हणाली.

पुतळा सुरेख झाला. तो कातळावर बसवला, भोवती काटेरी कुंपण घातलं आणि पहाऱ्याला एक वानर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारखी आली.

"मागे व्हा," वानर म्हणाला. "पुतळ्याजवळ बसायला बंदी आहे."

"अरे, पण तो माझाच पुतळा आहे!"

"सगळे असंच म्हणतात."

मावशी गवे सरांकडे गेली. सर गहिवरले. "मावशी, तुम्ही आता साध्या घोरपड राहिला नाहीत. प्रेरणास्थान झालात!"

"मग प्रेरणास्थानाने ऊन कुठे खायचं?"

सरांनी विषय समितीकडे पाठवला.

थंडी पडली. मावशी ढोलीत आखडून गेली. पोरं पांगली. पाहुणे मात्र येऊ लागले. पुतळ्यासमोर हात जोडून ते हळूच विचारायचे, "या बाई कधी गेल्या हो?"

हे कानावर आलं आणि मावशीचं डोकंच फिरलं. कुंपणाखालून सरपटत ती आत शिरली, आपल्याच पुतळ्याच्या पाठीवर चढली आणि नखं रोवून पडली. वानराने शेपटी ओढली. मग त्याचे भाऊबंद आले. शेवटी गवे सरांनी स्वतः जोर लावला. घोरपड काही सुटेना. पुतळाच मुळापासून उखडला आणि मावशीसकट कातळामागच्या खड्ड्यात गेला.

धूळ खाली बसली. मावशी खड्ड्यातून वर आली, अंग झटकलं आणि रिकाम्या कातळावर पसरली. तिला हटवायची कुणाची छाती झाली नाही. दुपारपर्यंत पोरंही येऊन बसली.

समितीची तातडीची बैठक झाली. आता कुंपण खड्ड्याभोवती आहे. पाहुण्यांना आत डोकावू देतात आणि सांगतात, "हे आमच्या जंगलातले प्राचीन अवशेष."

तात्पर्य : आपला पुतळा होतोय असं कळलं, तर लाजत बसू नये. आधी आपली जागा धरून बसावं.