अनधिकृत नाक

कॅनडात, टोरंटोच्या स्कारबरो भागातल्या एका प्लाझात, गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बागायती उत्पादन आणि काढणीपश्चात गुणवत्ता व्यवस्थापनाचं एक वर्षाचं व्यावसायिक प्रशिक्षण मिळतं. वर्गात खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. फळ हा खाद्यपदार्थ असल्यामुळे फळांचं शिक्षण फळांवाचून दिलं जातं, आणि त्यात कुणाची गैरसोय झाल्याची नोंद नाही. झाडांचा प्रश्नही असाच सुटलेला आहे. जिन्यात एक कुंडी होती, पण तिच्यातली माती सांडते असा गाद्यांच्या दुकानाने आक्षेप घेतला. तेव्हा माती काढून कुंडी कायम ठेवण्यात आली.

जॉर्जिना तुस्कानो या वर्गात दाखल झाली तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. वसईजवळच्या एका गावात तिच्या वडिलांची राजेळी केळ्यांची वाडी होती. पिकत घातलेल्या केळ्यांची अढी कधी उघडायची हे विचारायला वडील तिलाच हाक मारायचे. ती पेंढ्यापाशी वाकायची, एकदाच श्वास घ्यायची आणि सांगायची, "अजून दोन दिवस." तिचा अंदाज चुकल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. कॉलेजच्या अर्जात 'पूर्वानुभव' या रकान्यात तिने 'वीस वर्षं' असं लिहिलं. कॉलेजने वाडीच्या लेटरहेडवर पत्र मागितलं. वाडीला लेटरहेड नव्हतं. अनुभव शून्य धरण्यात आला.

जॉर्जिनाने ते मनाला लावून घेतलं नाही. टोरंटोबाहेरच्या व्हिटबीत मावसबहीण ज्युडिथच्या बेसमेंटमध्ये ती राहत होती. नवरा आणि दहा वर्षांची मुलगी वसईत थांबले होते. कोर्स पूर्ण झाला की वर्क परमिट, वर्क परमिट मिळालं की ती दोघं इकडे, असा सरळ हिशेब होता. फळांची चित्रं पाहून तिने प्रत लावली, कुजण्याचे सात प्रकार पाठ केले, आणि ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी फळं तपासून पेट्यांत भरणाऱ्या व्हिटबीतल्याच एका पॅकहाउसमध्ये रुजू झाली.

तिथला गुणवत्ता व्यवस्थापक मराठी निघाला. ओजस कारखानीस. आधी किचनर शहरात सॉफ्टवेअर तपासायचा. तपासणी ही तपासणीच असते, मग ती कशाची का असेना, या तत्त्वावर त्याला पीच तपासायला घेतलं होतं. त्याने जॉर्जिनाला एक फॉर्म दिला. फॉर्मवर पाच रकाने होते: रंग, आकार, वजन, कडकपणा, स्टिकर.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी ती कोल्ड स्टोरेजमध्ये शिरली आणि दारातच थबकली. समोर लॉट दोनशे बारा, चारशे पेट्या. वरून प्रत्येक पीच लालचुटूक, गोंडस. पण हवेत आंबूस, दारूसारखा वास होता. फळ कोयीकडून सडायला लागलं की तो सुटतो. ती तशीच ओजसच्या केबिनमध्ये गेली.

"ओजस सर, दोनशे बाराची फळं आतून गेलीयेत."

"सर नको हो, नुसतं ओजस म्हणा. आतून म्हणजे? तुम्ही कापून बघितलं?"

"कापायला परवानगी नाही ना."

"करेक्ट. कापलेलं फळ विकता येत नाही, म्हणजे त्याची क्वालिटी गेली. आपण क्वालिटी डिपार्टमेंट. आपणच क्वालिटी घालवायची का?"

"पण मला वास आला."

ओजस कीबोर्डवरून हात काढून मागे रेलला. "जॉर्जिना, फॉर्मवर वासाचा कॉलम आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला काय आलं?"

जॉर्जिनाने प्रामाणिकपणे विचार केला. "वासच आला."

"तुम्हाला एक ओपिनियन आलं," ओजस समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तुम्ही स्वतः येऊन बघा की एकदा."

"मला कोविडपासून वास येत नाही. म्हणून तर माझे डिसिजन्स इतके ऑब्जेक्टिव असतात."

तक्रार लेखी करायची सोय होती. पण विसंगती अहवाल भरायला लेव्हल टू लागायची आणि जॉर्जिना लेव्हल वन होती. लेव्हल टू मिळायची प्रमाणपत्रानंतर, प्रमाणपत्र मिळायचं प्रत्यक्ष काम पूर्ण झाल्यावर, आणि काम पूर्ण धरलं जायचं तपासलेल्या प्रत्येक लॉटवर 'योग्य' अशी सही केल्यावर. दोनशे बारावर सही करायची मुदत गुरुवारची होती.

तिने कॉलेजमध्ये प्रशिक्षक हॉल्डन यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिल्या प्रकरणातली गुणवत्तेची व्याख्या विचारली.

"ठरवून दिलेल्या निकषांची पूर्तता," जॉर्जिना म्हणाली.

"सडणं निकषांत आहे का?"

"नाही. पण फळ सडलंय."

"म्हणजे ते निकषांबाहेर सडलंय," हॉल्डन म्हणाले, "आणि तिथे आपण कुणीच काही करू शकत नाही." आपली विद्यार्थिनी कामात इतका रस घेते याचा त्यांना आनंद झाला होता. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी ज्युडिथ वृद्धांच्या नर्सिंग होममधली ड्यूटी आटपून आली, तेव्हा जॉर्जिना खिडकीशी बसली होती. सगळं ऐकून ज्युडिथ म्हणाली, "मग काय गो, टाक ना सही करून. पीच काय तुझ्या बापाचे आहेत?"

"बापाचे असते तर एव्हाना गाईला घातले असते."

"पोरीला इथे आणायचंय ना? मग नाकाला सांग, जरा दम धर." ज्युडिथने चहा ओतला आणि सहज म्हणाली, "आमच्याकडे पण तुमच्याच पॅकहाउसचे पीच येतात. दर शुक्रवारी. म्हाताऱ्यांना लई आवडतात. चावायला लागत नाहीत ना."



बुधवारी सकाळी ती पॅकहाउसच्या वॉशरूममध्ये हात धूत होती. आरशाशेजारी सुरक्षा विभागाचा एक कागद चिकटवलेला होता. पाच आठवडे ती त्याच्याकडे पाहत होती, पण वाचला त्या दिवशी. 'अनोळखी वास आल्यास लाल बटण दाबावे व इमारतीबाहेर पडावे. खात्री करत बसू नये. हा नियम प्रशिक्षणार्थींसह सर्वांना लागू आहे.' लेव्हलचा कुठे उल्लेख नव्हता. तिने कागद दोनदा वाचला, हात नीट पुसले, बाहेर येऊन लाल बटण दाबलं, आणि नियमाप्रमाणे खात्री करत न बसता इमारतीबाहेर पडली.

त्रेसष्ट माणसं पार्किंग लॉटमध्ये उभी राहिली. अग्निशमन दलाच्या दोन गाड्या आल्या. एक उंच, रुंद खांद्यांची कॅप्टन मास्क चढवून आत गेली आणि दहा मिनिटांनी मास्क काढून बाहेर आली. तिच्या हातमोज्यात एक पीच होता, मधोमध फोडलेला. कोयीभोवती तपकिरी चिखल झाला होता.

"कळवलं कुणी?"

"मी," जॉर्जिना म्हणाली.

"गॅसबिस काही नाही, मॅडम. तुमचे पीच सडलेत."

ओजस पुढे झाला. "एक्स्क्यूज मी, फळांच्या बाबतीत तुमचं काही सर्टिफिकेशन आहे का?"

"नाही," कॅप्टन म्हणाली, "पण मला नाक आहे." आणि तिने अहवालात लिहिलं: वासाचा स्रोत – पीच, लॉट दोनशे बारा. खाली सही, वर सरकारी शिक्का.

जॉर्जिनाला वाटलं, संपलं एकदाचं. वर्षभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं. दुपारी तिने मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईने आज आगीचा बंब बोलावला." मुलगी खिदळत सुटली.

चौकशी समिती लगेच बसली. आता वास अधिकृत झाला होता, त्याकडे दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं. मात्र अहवाल अग्निशमन दलाचा, म्हणून तो सुरक्षा विभागाकडे गेला. सुरक्षा विभागाचा फळांशी संबंध नव्हता आणि गुणवत्ता विभागाचा वासाशी. तीन तासांच्या चर्चेनंतर मूळ कारण सर्वानुमते निश्चित झालं: वास. उपाय त्याच दिवशी अमलात आला. कोल्ड स्टोरेजमध्ये कोळशाचे फिल्टर बसले, दोन मोठे पंखे लागले, आणि दाराशी लिंबाच्या सुगंधाचं एक यंत्र दर सात मिनिटांनी फुसफुसू लागलं. वॉशरूममधला कागदही बदलला. 'अनोळखी वास आल्यास' ऐवजी 'पर्यवेक्षकास अनोळखी वास आल्यास' असं झालं. पर्यवेक्षक ओजस होता. त्यानंतर त्या इमारतीत एकदाही धोक्याची घंटा वाजलेली नाही.

गुरुवारी सकाळी जॉर्जिनाचा सत्कार झाला. 'सुरक्षा दक्ष कर्मचारी' म्हणून तिचा फोटो भिंतीवर लागला. टाळ्या संपल्यावर ओजसने फॉर्म पुढे केला.

"आता येतोय वास?"

"लिंबाचा येतोय."

"लिंबू फ्रेश वाटतंय?"

"लिंबू फ्रेश आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे? रंग, आकार, वजन, कडकपणा, स्टिकर, ऑल गुड. आणि हे बघा," ओजसचा आवाज जरा खाली आला, "मी पण इथे कायम राहायला पीआर मिळायची वाट बघत चार वर्षं काढलीयेत. मी तुमच्या बाजूचा आहे. सही करा."

तो खरोखरच तिच्या बाजूचा होता, आणि जॉर्जिनाला जास्त त्रास त्याचाच झाला. तिने मुलीचा विचार केला. विमानतळाच्या दारातून जॅकेटमध्ये बुडालेलं ते एवढंसं डोकं बाहेर येताना तिला दिसलं. तिने सही केली. अक्षर तिचं तिलाच ओळखू आलं नाही.

मात्र एक काम लेव्हल वनच्या अधिकारात येत होतं: पेट्यांवर पत्त्याची लेबलं लावणं. त्या दुपारी नर्सिंग होमच्या बारा पेट्या तिने नुकत्याच आलेल्या लॉट दोनशे पंधरातून काढल्या. एकेक पेटी नाकाशी धरली, मग लेबल लावलं. दोनशे बाराच्या चारशेच्या चारशे पेट्या तिने ग्रोसरी स्टोअर्सच्या नावे रवाना केल्या. तिथली माणसं धडधाकट असतात, त्यांना दात असतात, तक्रार करायला तोंड असतं. शंभर जण पेट्या परत आणतील, मग कुणाला तरी काहीतरी करावंच लागेल, असं तिचं गणित होतं.

सप्टेंबरात तिला विशेष प्रावीण्यासह प्रमाणपत्र मिळालं. आता ती लेव्हल टू आहे आणि त्याच पॅकहाउसमध्ये नोकरीला आहे. नवरा आणि मुलगी मार्चमध्ये येतील. विसंगती अहवाल भरण्याचा पूर्ण अधिकार तिला मिळाला आहे. लॉट दोनशे बारावर अहवाल भरायला तिने पहिल्याच दिवशी फाइल उघडली. अहवालासोबत ग्राहकाची किमान एक तक्रार जोडावी लागते. चारशे पेट्या संपल्या होत्या आणि एकही तक्रार आली नव्हती. तिने महिनाभर वाट पाहिली. अखेर ओजसने फाइलवर 'ग्राहक समाधानी' असा शेरा मारला, आणि या वेळी मात्र जॉर्जिनाला त्याच्याशी वाद घालता आला नाही.

तक्रार येणार तरी कुठून? दोनशे बाराच्या पेट्या दुकानांत पोचल्या त्या शनिवारी तुम्ही टोरंटोत भावाकडे जेवायला होतात. वहिनींनी फोडींची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "अस्सल इथले पीच हं, तिकडे असं फळ बघायला मिळायचं नाही." पहिली फोड जिभेवर टेकताच तुम्हाला आंबूस लागलं होतं. तुम्ही एकदा वहिनींकडे पाहिलंत, एकदा पेटीवरच्या मेपलच्या पानाकडे पाहिलंत, आणि "वा, क्या बात है!" म्हणून दुसरी फोड उचललीत.